आधी यादी दाखवा, मग पीसीचं बोला

बारावीचा निकाल लागला, दिवाळीचा बोनस आला की माझ्याकडे तोच प्रश्न पुन्हा सुरू होतो, स्वस्तातला गेमिंग पीसी असेंबल करावा की रेडीमेड घ्यावा. मी नवीन माल विकत नाही, इंदूरात सतरा वर्षं रिपेअरिंग करतोय, त्यामुळे मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही, जे जळून-बिघडून टेबलावर येतं ते बघून बोलतो. या वेळी प्रश्न इतके सारखे होते की काही एकत्र करून घेतलेत.

रामबागेतून एक आई विचारतात: मुलाची बारावी झाली, गेमिंग पीसी हवाय, मॉनिटर सोडून ६० हजार देऊ शकतो. हे म्हणतात ब्रँडेडच घ्यायचा, मुलगा म्हणतो मी स्वतः बनवतो. स्वतः बनवणं म्हणजे काय असतं? शॉक-बिक नाही ना बसणार?

ताई, बनवणं म्हणजे सोल्डरिंग वगैरे काही नाही. सात-आठ पार्ट येतात, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, एक स्क्रूड्रायव्हर लागतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याची एक दुपार जाते. प्लग काढून काम केलं आणि एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा, डबा उघडला नाही तर शॉकचा प्रश्नच येत नाही. भीती एकाच गोष्टीची, रायझन ५ ५६०० सारख्या एएम४ सॉकेटवाल्या प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ बारीक पिना असतात, त्यातली एखादी वाकली तर वॉरंटीवाला हात वर करतो.

पण तुमच्या घरात भांडण आहे ना, त्यात तिसरा रस्ता कुणी बघतच नाहीये. यादी मुलानं करायची आणि जोडणी दुकानात करून घ्यायची. आपल्याकडे बहुतेक लोक हेच करतात आणि त्यालाच असेंबल्ड म्हणतात. आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये जा, तीन दुकानांतून एकाच यादीचं कोटेशन घ्या, मुलाला बाजूला उभं राहून जोडताना बघू द्या, पुढच्या वेळी तो स्वतः करेल. ब्रँडेड टॉवर मी त्यांनाच सांगतो ज्यांच्या घरात बघणारं कुणी नाही आणि बिघडला तर एक फोन करून माणूस घरी यायला हवाय. त्यातही स्वस्तातल्या काही टॉवरमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, दोन वर्षांनी मोठं ग्राफिक कार्ड टाकायला गेलात की बाजारातलं एसएमपीएस आत बसत नाही आणि बसलं तर कनेक्टर जुळत नाही. विकत घेण्याआधी एकदा झाकण उघडून दाखवा म्हणा.

पार्ट म्हणाल तर रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ, १६ जीबी रॅम ८-८ च्या दोन काड्यांत, फाइली ठेवायला वेगवान एनव्हीएमई एसएसडी, आणि बजेटचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच ग्राफिक कार्डाला. आय५ च्या मागे 'एफ' असेल तर त्यात स्वतःचं डिस्प्ले नसतं, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी, हे माहीत असू द्या. सध्या रॅमचे भाव चढलेत म्हणून ६० हजारांत ओढाताण होईल, कॅबिनेट साधं घ्या, लायटी नकोत. पोहे कच्चे असले तर वरून कितीही जीरावन मसाला टाका, काय उपयोग. पैसे देण्याआधी यादी कुणा जाणत्याला दाखवा, मला पाठवलीत तरी चालेल.

"आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, फक्त १९ हजार" अशी जाहिरात बघितली, घेऊ का? (सुदामा नगर, आणि याच आशयाचे आणखी पाच)

नाही.

सहा जणांनी विचारलंय म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. 'आय७' हे आडनाव आहे, कितव्या पिढीचा ते कुणी लिहीत नाही. या डब्यांत बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो, म्हणजे २०११-१२ चा, कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला, त्याला नवा कोरा पण त्याच जुन्या पिढीचा एच६१ बोर्ड लावून काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवतात. '४ जीबी ग्राफिक' म्हणजे जीटी ७३० वगैरे, त्याची मेमरी मोजून गेम पळत नाही, चिपच दुबळी आहे. आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर वेलोरंट या गेमला टीपीएम २.० आणि सिक्योर बूट ही बोर्डातली सुरक्षेची सोय लागते, या बोर्डांवर ती कुठून आणणार. विकणाऱ्याला फक्त विचारा, "भिया, प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?" तिथेच बोलणं संपतं.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला पण ६० च दाखवतोय. मॉनिटर खराब आहे का?

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा आणि केबल ग्राफिक कार्डात लावा, बोर्डात नाही.

दुकानदार कॅबिनेटसोबत ५०० वॅटचं एसएमपीएस फ्री देतोय. तरी यूट्यूबवाले म्हणतात चार हजारांचं वेगळं घ्या. हा कमिशनचा प्रकार नाही का? कार्ड आरटीएक्स ३०६० आहे. (स्कीम नंबर ७८ मधून)

याच प्रश्नाची वाट बघत होतो. दहा जण लिहितात, त्यातले नऊ कार्डाबद्दल विचारतात आणि एसएमपीएसचं नाव काढत नाहीत, आणि माझ्याकडे मेलेली कार्डं येतात ती बहुतेक याच डब्यामुळे.

फ्रीवालं उचलून बघा, रिकाम्या टिफीनसारखं हलकं लागेल. मग बाजूचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असतं ते सोडून द्या, खाली तक्त्यात +१२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिलंय ते शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच जेवतात. तिथे १८ अँपिअर असेल तर गुणा बाराने, २१६ वॅट झाले. तुमचं ३०६० एकटं १७० घेतं, रायझन ५६०० जोर लावल्यावर ७५ च्या आसपास, म्हणजे २४५ तर इथेच झाले, बोर्ड, पंखे, एसएसडी अजून मोजलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभर झटका मारून लिहिल्यापेक्षा जास्त ओढतं तो हिशेब वेगळाच. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज ५०० केलेली असते, तुमच्या कार्डाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पुढचं ऐका. कार्डाचा ८ पिनचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो आणि फुकटच्या एसएमपीएसमध्ये तो नसतोच, मग दुकानातला पोरगा मोलेक्स नावाच्या चार पिनांच्या जुन्या कनेक्टरला जोडणी लावून काम भागवतो. मागच्या मे महिन्यात एक मुलगा असाच पीसी घेऊन आला, दोन तास गेम खेळला की बंद व्हायचा, विकणाऱ्यानं तीनदा विंडोज टाकून दिलं होतं आणि दर वेळी पाचशे रुपये घेतले. मी झाकण उघडलं तर मोलेक्सची पिवळी वायर कनेक्टरपाशी तपकिरी होऊन चिकटलेली. विंडोज काय करणार त्याला?

'८० प्लस' लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका हेही सांगतो. ते सर्टिफिकेट एफिशियन्सीचं आहे, ब्राँझ म्हणजे अर्ध्या लोडवर ८५ टक्के, बस. आतली प्रोटेक्शन चांगली आहेत का, हे त्यातून कळत नाही. आणि ती तपासणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते, आपल्याकडे नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोलीच ४० ची असते आणि वरून टेबलाच्या बंद कप्प्यात टॉवर कोंबलेला. तुमच्या कार्डासाठी एनव्हीडियानं ५५० वॅट सांगितलंय, तेवढं नावाजलेल्या कंपनीचं घ्या, ज्याच्या तक्त्यात १२ व्होल्टवर जवळजवळ पूर्ण वॅट दिसतात. चार हजारांच्या आसपास जातील, जाऊ द्या, तोच डबा पुढच्या पीसीतही चालेल.

अजून एक राहिलं, अर्थिंग. राजवाड्याच्या मागच्या जुन्या घरांतून येणारे किती जण सांगतात की कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि चप्पल घालून बसतो आता. अहो, एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो अर्थमधून निघून जायला हवा, सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असेल तर तो तुमच्या बोटातून जातो. करंट अगदी थोडा असतो पण हा इशारा समजा. इलेक्ट्रिशियनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर निघाला तर आधी ते नीट करून घ्या. हे काम स्वतः करू नका, आणि पावसाळ्यापर्यंत तर मुळीच थांबू नका.

सेकंडहँड कार्ड मायनिंगचं (क्रिप्टो नाणी कमावायला रात्रंदिवस चालवलेलं) आहे की नाही कसं ओळखायचं?

बघून ओळखता येत नाही, जो म्हणतो येतं तो गप्पा मारतोय. इथेरियम या नाण्याचं ग्राफिक कार्डावरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं, तेव्हा ढिगानं कार्डं बाजारात आली, ती आजवर दोन-तीन हातांतून फिरलीत, विकणाऱ्यालाही खरं माहीत नसतं. मायनिंगचं म्हणजे मेलेलंच असंही नाही. बिल मागा, कार्डावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा, त्याच्याच घरी अर्धा तास जड गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके-पट्टे येतात का बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, जुनी एनव्हीडिया चिप नव्या नावानं खपवलेली असली तर बऱ्याचदा ते नावापुढेच 'फेक' दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर त्यात शेडर (चिपमधले छोटे हिशेबनीस) २३०४ हवेत, २०४८ दिसले तर ते हलकं भावंड आहे, भाव त्या हिशेबानं करा. चालवून न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

बजेट ३५ हजारच आहे. कार्ड नंतर घेतलं तर? (देवासहून)

चालेल. रायझन ५ ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक आतच आहे, वेलोरंट आणि तसले हलके गेम सेटिंग कमी करून नीट चालतात. दोन गोष्टी. रॅम दोन काड्यांतच, कारण हे ग्राफिक सिस्टिमची रॅमच वापरतं, एकच काडी असली तर फ्रेम फार कमी होतात, गेम अडखळतो, आणि दुकानदार नेमकी एकच काडी लावून देतो, "नंतर दुसरी टाका" म्हणतो. दुसरं, ५६००जी मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) १६ एमबी आहे आणि साध्या ५६०० मध्ये ३२, म्हणजे पुढे मोठं कार्ड टाकल्यावर तो थोडा मागे पडेल. कार्ड सहा महिन्यांत घेणारच असाल तर आधी माझ्याशी बोला, यादी वेगळी होईल. एसएमपीएस मात्र आत्ताच चांगलं.

आपल्या गरमीसाठी लिक्विड कूलर लागेल ना?

नाही. ५६०० आणि १२४००एफ दोघंही साध्या एअर कूलरवर चालतात. टॉवर कप्प्यातून बाहेर काढा, पुढून हवा आत येईल असं कॅबिनेट घ्या, महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला चालली आहे, हॉस्टेलमध्ये राहील. गेमिंग लॅपटॉप की पीसी?

लॅपटॉप. डेस्कटॉप घेऊन ती दर सुट्टीत ट्रेननं येणार आहे का? फक्त एवढं बघा की लॅपटॉपमध्ये कार्डाचं नाव एकच असलं तरी वॅट वेगवेगळे असतात, आरटीएक्स ४०५० कुठे ३५ वॅटवर असतं तर कुठे ११५, आणि त्याप्रमाणे स्पीड बदलतो. वॅटचा आकडा दुकानदाराकडून लिहून घ्या, आणि कॉलेजनं कोर्ससाठी काही मॉडेल सांगितलंय का ते तिला आधी विचारायला सांगा.

तीन वर्षांपासून थांबलोय, दर वेळी नवीन सिरीज येणार असं ऐकतो. आता जीटीए ६ येतोय, त्यासाठी आत्ता घेऊ की अजून थांबू? (राजेंद्र नगर)

दादा, तीन वर्षांत तुम्ही किती गेम खेळला असतात याचा विचार करा. जीटीए ६ ची जाहीर झालेली तारीख पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजची आहे, पीसीसाठी नाही, मग त्याला कोणता पीसी लागेल हे जो आज सांगतोय तो हवेत बोलतोय. थांबून स्वस्त होतं हेही दर वेळी खरं नसतं, २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमची चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, जे "अजून दोन महिने" म्हणत होते ते माझ्या दुकानात कपाळाला हात लावून बसले. आज जे गेम खेळायचेत त्यांची नावं लिहा, मॉनिटर कोणता आहे ते लिहा, बजेट लिहा, आणि या रविवारी येऊन जा. येताना घरातल्या सॉकेटचा फोटो आणा.