जर्मन सैन्यातील वेतनाधिकारी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका जर्मन छायाचित्रात अधिकाऱ्याच्या गणवेशातील माणसाखाली ‘त्साल्मायस्टर’, म्हणजे वेतनाधिकारी, असे लिहिले आहे. हा खरोखर लष्करी अधिकारी होता का? शिंद्यांच्या फौजेतील बक्षींसारखेच त्याचे काम होते का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दर्जा अधिकाऱ्याचा असला, तरी १९४४ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने तो सैनिक नव्हे, तर लष्करात नेमलेला सरकारी नोकर होता. त्साल्मायस्टर लेफ्टनंटच्या, ओबरत्साल्मायस्टर ओबरलेफ्टनंटच्या आणि श्टाब्सत्साल्मायस्टर कॅप्टनच्या बरोबरीचा मानला जाई. मात्र तुकडीला लढाईचा हुकूम देण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नव्हता. बक्षींशी खरा फरक येथेच पडतो. हजेरी आणि पगार पाहणारे बक्षी आपल्याकडे रणांगणावरही उतरत. महादजी शिंद्यांच्या जिवबादादा बक्षींनी तर स्वतः फौजांचे नेतृत्व केले.

जर्मन वेतनाधिकाऱ्याचे काम केवळ पैसे वाटण्याचे नव्हते. बटालियनची रोकड, शिधा, कपडे आणि त्या सर्वांचे हिशेब त्याच्याकडे असत. प्रत्येक सैनिकाजवळ ‘झोल्डबुख’ हे वेतनपुस्तक असे. इस्पितळात किंवा आपल्या तुकडीपासून दूर असलेल्या सैनिकाला दुसऱ्या कचेरीतून वेतन मिळाले, तर तेथील वेतनाधिकारी रक्कम त्या पुस्तकात नोंदवून सही-शिक्का करी, म्हणजे तेच वेतन दोनदा उचलले जात नसे. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या जखमी शिपायाचा हक्काचा पैसा तिच्यामुळेच त्याच्या हाती पडे.

गणवेशाचा कट अधिकाऱ्यांसारखाच असल्यामुळे ओळख पटते ती रंगांवरून. पायदळाचा रंग पांढरा आणि तोफखान्याचा लाल, तसा या नोकरवर्गाचा गडद हिरवा होता. वेतनाधिकाऱ्यांना त्याच्या जोडीला पांढरा उपरंग असे, जो १९४० मध्ये बंद झाला. कृष्णधवल चित्रात रंग कळत नाहीत, म्हणून खांद्यावरील पट्टीवर ‘एच’ आणि ‘व्ही’ ही लष्करी प्रशासनाची अक्षरे दिसतात का, ते भिंगाने पाहावे.

१९४४ मध्ये ‘ट्रुपेनझोंडरडीन्स्ट’ ही स्वतंत्र सेवा स्थापन झाली आणि तीत घेतलेल्या वेतनाधिकाऱ्यांना सैनिकाचा कायदेशीर दर्जा मिळाला. त्यामुळे आपले छायाचित्र त्याआधीचे असल्यास त्यातील गृहस्थांना सैनिक नव्हे, तर लष्करी सेवेतील सरकारी नोकर म्हणणेच योग्य ठरेल.