सात हजार हातात, की कोर्टाचा आदेश?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एक ताई पोळ्या लाटून महिन्याला 4,000 कमावतात. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. मुलगा 19 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, 75 टक्के. त्याला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 2,500 येतात. वडील बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहेत. ते म्हणतात, "मुलगा सज्ञान झाला, पोटगीचा हक्क संपला. तरी दरमहा 7,000 हातात देतो, कोर्टात जाऊ नको." शेजारीणही हेच सुचवते, कारण पोटगी कागदावर आली तर अनुदान बंद पडेल.

ताई, शेजारणीची भीती खोटी नाही. दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे आणि तुमचे 48,000 त्यात कसेबसे बसतात. पोटगी मोजत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. याच योजनेत घटस्फोटित महिलांना घेताना पोटगी मिळत नसावी किंवा मर्यादेपेक्षा कमी मिळत असावी, अशी अट आहे. म्हणजे सरकार पोटगीकडे उत्पन्न म्हणूनच बघतं.

आता हिशेब. रोखीत 7,000 अधिक 2,500, म्हणजे 9,500. आदेश घेतला आणि अनुदान गेलं, तर नुसते 7,000. वर्षाला 30,000 चा फरक, म्हणजे तुमच्या साडेसात महिन्यांच्या पोळ्या. हे नुकसान मी लहान मानत नाही, तरीही आदेशच घ्या म्हणतो. रोखीतले सात हजार त्यांच्या मर्जीवर चालतात. वर्षात पाच हप्ते चुकले की 35,000 गेले आणि शेजारणीचं गणित उलटं फिरलं. शिवाय रोखीतले सात हजार लपवले, तरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जे स्वयंघोषणापत्र देता, त्यावर सही तुमची असते, त्यांची नाही. उद्या बिनसलं तर तहसीलमध्ये तक्रार घेऊन पहिले तेच पोचतील.

हक्क संपला, हे तर साफ चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 प्रमाणे शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला सज्ञान झाल्यावरही पोटगी मागता येते. हप्ता थकला तर कोर्टातून वसुली होते, मात्र थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. नोव्हेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. (ते प्रकरण मूळचं आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातलं.) म्हणून अर्ज जितका लांबेल, तितक्या महिन्यांवर पाणी सोडाल. आणि मागणी 7,000 ची करू नका. अनुदान जाण्याची शक्यता अर्जात लिहून 9,500 च्या वरूनच सुरुवात करा. तो खड्डा तुम्ही एकटीने का भरायचा?

आता तुम्ही पाठवलेला पासबुकाचा फोटो. 2,500 जमा, त्याच तारखेला एटीएममधून 2,500 काढलेले, सलग तीन महिने. कार्ड वडिलांकडे आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंय. मी तिथून सुरुवात केली असती. मुलगा 18 चा झाला तेव्हाच पालक म्हणून त्यांचा त्या खात्यावरचा अधिकार संपला. पण तसाच तुमचाही. तो पुन्हा मिळवायला राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्या. घटस्फोट झालेला असल्याने एकट्या आईला अर्ज करता येतो. ते दाखवून मुलाचं नवं खातं उघडा आणि त्याचं आधार त्या खात्याला जोडा. अनुदान आधारवर येतं, त्यामुळे जोडणी बदलली की पैसेही नव्या खात्यात येतील. निरामय, म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, घेतला नसेल तर घ्या. एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि उत्पन्न वाढलं म्हणून ते जात नाही.

तडजोडीला बसलात तर पैशाशिवाय आणखी एक गोष्ट मागा. वडिलांचा पीएफ कापला जातो. त्यांच्या पश्चात पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत घटस्फोटित पत्नीला काही मिळत नाही, पण पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट न लावता पेन्शन मिळते. मुलाचं नाव आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) त्यांच्या पीएफच्या नोंदीत आलं पाहिजे, हे लेखी घ्या. त्यांच्या खिशातून यात एक रुपया जात नाही, म्हणून बहुधा नाही म्हणणार नाहीत.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. महिला आणि दिव्यांग, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाताना घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत, मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि ते पासबुक न्या. तीन महिन्यांच्या त्या नोंदी वकिलाला आधी दाखवा.