'37 प्रकाशवर्षांपूर्वी' म्हणावं का?

इंदूरच्या एका वाचकाने विचारलंय : "'स्वाती ताऱ्याचा हा प्रकाश 37 प्रकाशवर्षांपूर्वी निघाला' हे वाक्य बरोबर आहे का?"

नाही. प्रकाश निघाला 37 वर्षांपूर्वी. तारा आहे 37 प्रकाशवर्षांवर. समासाचा विग्रह 'प्रकाशाने एका वर्षात कापलेलं अंतर' असा आहे, त्यामुळे या शब्दाला 'वर', 'दूर' लागतं. 'पूर्वी' किंवा 'नंतर' लागत नाही. घोळ होतो तो शेवटच्या 'वर्ष'मुळे. 'कोस' आठवा. मूळ संस्कृत 'क्रोश' म्हणजे हाक; हाक ऐकू जाईल तेवढं अंतर तो कोस. तिथे माप आवाजाचं होतं, इथे प्रकाशाचं. बोलताना आपणही 'उज्जैन सव्वा तासावर' म्हणतोच, पण गाडी बदलली की तो सव्वा तास बदलतो. निर्वातातला प्रकाशाचा वेग बदलत नाही, सेकंदाला 2,99,792 किमी, म्हणून हे माप पक्कं. वर्ष 365.25 दिवसांचं धरलं की हिशोब येतो सुमारे 9.46 लाख कोटी किमी.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. इंदूरच्या राजवाड्यासमोर हरभऱ्याएवढा सूर्य ठेवा, जेमतेम 9 मिमीचा. पृथ्वी त्याच्यापासून एक मीटरवर, धुळीच्या कणाएवढी; नेपच्यून तीस मीटरवर. या मापाने एक प्रकाशवर्ष 63 किमी भरतं, म्हणजे उज्जैनच्याही थोडं पुढे. सर्वांत जवळचा तारा, 4.25 प्रकाशवर्षांवरचा, 269 किमीवर. भोपाळ केव्हाच मागे पडलं. मध्ये जवळपास सगळं रिकामं.

इंदुरात हिंदीच्या सवयीने 'चार प्रकाशवर्ष दूर' सर्रास ऐकू येतं. मराठीत वर्ष नपुंसकलिंगी, तेव्हा अनेकवचन 'प्रकाशवर्षे', बोलताना 'प्रकाशवर्षं'.

क्रियापदाकडेही लक्ष हवं. मोठ्या मॅगेलन मेघातला (आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतला) ताऱ्याचा स्फोट फेब्रुवारी 1987 मध्ये 'दिसला' असं लिहावं, 'झाला' नव्हे. तो मेघ सुमारे 1.6 लाख प्रकाशवर्षांवर आहे. स्फोट झाला तेव्हा माणूस अजून दगडाची हत्यारं घडवत होता.

मात्र फार दूरच्या बाबतीत वर्षं आणि प्रकाशवर्षं यांचा आकडा एकच धरू नये. विश्व प्रसरण पावतंय. 1380 कोटी वर्षं प्रवास करून आज पोचणारा सर्वांत जुना प्रकाश जिथून निघाला, ती जागा आता सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर गेली आहे. तिथे 'प्रकाशाला 1380 कोटी वर्षं लागली' एवढंच लिहावं.