रद्दीत मिळालेलं 'अ‍ॅलिस'चं जुनं कॉमिक पहिल्या आवृत्तीचं आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' या जुन्या अमेरिकन कॉमिक मालिकेचं 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' मिळालं, अंक ४९, किंमत १५ सेंट आणि मुखपृष्ठ तैलचित्रासारखं. म्हणजे ही १९४८ ची प्रत नाही. अ‍ॅलिस त्या वर्षी जुलैमध्ये आली खरी, पण तेव्हा किंमत १० सेंट होती आणि रंगवलेली मुखपृष्ठं या मालिकेत १९५१ पासून सुरू झाली. अंकाच्या क्रमांकावर जाऊ नका. न्यूयॉर्कची गिलबर्टन कंपनी तेच अंक वर्षानुवर्षं छापत राहिली आणि क्रमांक कधी बदलला नाही.

आता कॉमिकमध्ये इतर अंक मागवण्यासाठीची यादी शोधा, बहुतेक मलपृष्ठावरच असते. त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघा. तो १६७ असेल तर छपाई १९६२ ची किंवा त्यानंतरची, कारण १६७ वा अंक, 'फाउस्ट', १९६२ मध्ये निघाला. जगभरचे संग्राहक याच आकड्यावरून प्रतीचं वय ठरवतात. विकणारा 'फर्स्ट एडिशन' म्हणाला की मी आधी ही यादी उघडतो.

पुनर्मुद्रण निघालं म्हणून मात्र ते विकू नका. चित्रं तीच आहेत, अ‍ॅलेक्स ब्लमची.

परीकथांचीच आवड असेल तर याच कंपनीची 'ज्युनियर' मालिका शोधा. १९५३ मध्ये ५०१ क्रमांकाच्या 'स्नो व्हाइट'पासून ती सुरू झाली. त्यात मुलांसाठी रंगवायचं एक चित्र असायचं. बाजारात ते कोरं असलेल्या प्रतीला जास्त भाव. माझ्याकडच्या 'विझर्ड ऑफ ओझ'मधलं (क्रमांक ५३५) कुणीतरी खडूने रंगवलंय, रेषेबाहेर जात जात, आणि माझ्या संग्रहात ती प्रत मला सगळ्यात प्रिय आहे.

जपणुकीचं म्हणाल तर चिकटपट्टी अजिबात लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. आपल्या दमट हवेत पिना गंजतात आणि कसर लागते. पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. पावसाळा संपला की एकदा सगळं बाहेर काढून बघा.

आणि एक गोष्ट आपल्याकडची. 'अमर चित्र कथा'चे पहिले दहा अंक कृष्ण-रामाचे नव्हतेच! जॅक आणि घेवड्याचा वेल, सिंड्रेला, अल्लादीन, ओझ, पिनोकिओ अशा परदेशी परीकथा होत्या त्या, आणि कन्नडमध्ये. राम वाईरकरांच्या चित्रांचा 'कृष्ण' आला तो अकरावा. त्या दहांपैकी माझ्याकडे फक्त पिनोकिओ आहे, तोही मुखपृष्ठाविना. बेळगाव-धारवाडकडे कुणाचं जुनं कपाट रिकामं होत असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा नीट बघा.