समुद्री गवताच्या मुळांजवळचे जिवाणू गवताला पोसतात की मारतात?

दोन्ही प्रकारचे जिवाणू तिथे शेजारी शेजारी राहतात, आणि कोण वरचढ ठरणार हे बरंचसं उजेडावर ठरतं. गवताखालचा चिखल उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या गंधकाच्या क्षारावर जगणारे जिवाणू हा वायू तयार करतात आणि मुळांना तो विषारी असतो. दिवसा पानांत तयार झालेला ऑक्सिजन मुळांच्या कोवळ्या टोकांतून झिरपतो. तेवढ्याच पातळ थरात गंधक खाणारे जिवाणू या विषाचा बंदोबस्त करतात. पाणी गढूळ झालं की उजेड कमी पोहोचतो आणि ऑक्सिजनचं हे कवच विरतं, म्हणून किनाऱ्यावरचा गाळ उपसताना या कुरणांची काळजी घ्यायलाच हवी.

पोसण्याचं सर्वात सुंदर उदाहरण भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताचं. त्याच्या मुळांच्या आतच राहणारा एक जिवाणू नायट्रोजन स्थिर करून, म्हणजे गवताला वापरता येईल अशा रूपात बदलून, त्याला देतो आणि बदल्यात साखर घेतो, अगदी आपल्या हरभऱ्याच्या गाठींसारखं. ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. मात्र ही जोडी पोसिडोनियातली आहे, प्रत्येक समुद्री गवतात ती असेलच असं धरू नका.