जन्मजात मायस्थेनिया: पायरिडोस्टिग्मिननंतर मुलाचा अशक्तपणा वाढला, तर डोस वाढवावा का?

नाही, आपल्या मनाने अजिबात वाढवू नका. गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि तुमचा सहा वर्षांचा मुलगा जिन्यावर आधीपेक्षा लवकर थकतो, असं तुम्ही लिहिलंय. हे आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करून सांगा. गोळी परस्पर बंदही करू नका, कारण काही मुलांचा श्वास तिच्यावर टिकून असतो. श्वासाला किंवा गिळायला त्रास दिसला तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.

इतकं कळकळीने लिहितेय, कारण मला याच आजाराचा डॉक-7 प्रकार आहे. जन्मजात मायस्थेनिया म्हणजे जीनमधल्या दोषामुळे नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोचणं; ज्या जीनमध्ये दोष, त्यावरून प्रकार ठरतो. या गोळीने पहिले काही दिवस तरतरी आली, नंतर महिन्याभरात भिंत धरून चालायची वेळ आली. औषध कमी पडतंय असं समजून डोस वाढवला गेला. खरं तर ते औषधच मला घातक ठरत होतं.

नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला (ते पकडणाऱ्या रेणूला) लागतं आणि स्नायू आकुंचन पावतो. मग एक एन्झाइम ते मोडून टाकतं. पायरिडोस्टिग्मिन त्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन जास्त वेळ टिकतं. सीएचआरएनई किंवा रॅप्सिन जीनच्या दोषात रिसेप्टर कमी असतात, तिथे याचा बहुतेकदा चांगला उपयोग होतो. कोलक्यू जीनच्या दोषात ते एन्झाइमच जागेवर नसतं, मग अडवणार कोणाला? स्लो चॅनल नावाच्या प्रकारात रिसेप्टरचं दार आधीच गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं, त्यात ही गोळी म्हणजे आगीत तेल. तिथे फ्लुऑक्सेटिन किंवा क्विनिडिन देतात. डॉक-7 मध्ये नस आणि स्नायूचा सांधाच नीट घडलेला नसतो. 2006 साली हा जीन सापडेपर्यंत आमच्यासारख्यांच्या आजाराला नेमकं नावही नव्हतं.

तेव्हा डॉक्टरांना आधी हे विचारा: 'जीन कोणता?' तीसहून अधिक जीन माहीत आहेत. रिपोर्ट आला नसेल तर त्याचा पाठपुरावा करा. कोणी स्टेरॉइड सुचवलं तर ते कशासाठी, हेही विचारा; इथे प्रतिकारशक्तीचा दोष नसतो, त्यामुळे नेहमीच्या मायस्थेनियातली ती औषधं या आजारावर चालत नाहीत.

मला शेवटी साल्ब्युटामॉल दिलं, दम्याचंच औषध, पण गोळीच्या रूपात. पहिले काही आठवडे हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि पायांत फरक शून्य. तेव्हा मी ते सोडायच्या बेतात होते. दुसऱ्या महिन्यात खुर्चीतून हात न टेकता उठले. पूर्ण परिणाम दिसायला सहा महिने लागले.

आणखी एक: सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स हा अशक्तपणा वाढवू शकतात. साध्या तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा. ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनाही.