पिऊन आलात तरी या

या महिन्याच्या टपालात दारू आणि नशेबद्दलची सात पत्रं होती. त्यातली तीन इथे घेते आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकून. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यात व्यसनांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून एकवीस वर्षं काम करते. औषधं डॉक्टर लिहितात. त्याच्या आधी आणि नंतर तो माणूस माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेला असतो.

प्रश्न : माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत, चाकणला कंपनीत सुपरवायझर आहेत. आधी शनिवार-रविवारी घ्यायचे, गेली चार वर्षं रोज घेतात. क्वार्टरवर भागत नाही, आता हाफ लागते. सकाळी हात इतके थरथरतात की कप बशीवर वाजतो. बाथरूममध्ये दोन घोट घेतात आणि मगच कंपनीची बस पकडतात. विषय काढला की म्हणतात, "मी काय बेवडा आहे का?" सासरे म्हणतात, तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका, ते लोक गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. पण नोकरी गेली तर दोन मुलांच्या फिया कुठून भरू? 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून मी एक पावडर मागवली आहे. भाजीत मिसळायची आहे. अजून दिलेली नाही. देऊ का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, ती डबी उघडू नका.

अशा पावडरीत नेमकं काय आहे हे डबीवरून कळत नाही. त्यात डायसल्फिरम असू शकतं. ते खरं औषध आहे आणि आमचे डॉक्टरही काही जणांना देतात, पण रुग्णाला समोर बसवून, सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच. दारू पचताना शरीरात मध्येच अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि एरवी ते लगेच मोडलं जातं. डायसल्फिरम हे मोडणंच अडवतं. वरून दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हृदयाचं दुखणं असेल तर जिवावर बेतू शकतं. आपल्या पोटात काय गेलंय हे माहीत असलेला माणूस दारूपासून लांब राहील. तुमचे मिस्टर मात्र नेहमीसारखी हाफ घेतील.

शिवाय हे कधी ना कधी उघडकीला येतंच. आमच्याकडे एक गृहस्थ येत. बायकोने आमटीत पूड घातल्याचं त्यांना कळलं आणि त्यानंतर वर्षभर ते घरी जेवलेच नाहीत. ताट पुढे आलं की आधी वाटी नाकाशी धरायचे आणि मग तशीच बाजूला सारायचे. त्यांची दारू सुटायला आठ महिने लागले. वाटी नाकाशी नेणं त्यानंतरही बरेच दिवस चाललं होतं.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. "उद्यापासून एक थेंब घेतलात तर मुलांची शपथ" असं काही बोलू नका. सकाळचे दोन घोट हा निर्लज्जपणा नाही. मेंदूला रोजच्या दारूची सवय झाली आहे, रात्रभरात ती उतरली की हात कापतात, आणि ते कापणं थांबवण्यासाठी तुमचे मिस्टर घोट घेतात. अशा माणसाने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यात माणसं दगावतात. म्हणून दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर ते थोडी घेत राहिले तरी चालेल. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, पण एकदम तोडण्यापेक्षा ते सुरक्षित आहे.

आता भरतीबद्दल. तुमचे सासरे वाईट विचाराने बोलत नाहीत. व्यसनावर उपचार म्हणजे भरती हेच बहुतेकांना माहीत असतं. भरती काहींना लागतेच, आणि त्यासाठी पुण्यात चांगल्या जागा आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण रात्री चार जणांनी उचलून गाडीत कोंबणं हा उपचार नव्हे. अशा प्रकारे नेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या मनात दारूपेक्षा घरच्यांविषयीचा राग मोठा असतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत. त्यामुळे या माणसालाही रुग्ण म्हणून हक्क आहेत, आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं हा त्यातलाच एक. कंपनीला आम्ही काही कळवत नाही.

खूप जणांचे उपचार घरी राहून, ओपीडीत येऊन होतात. अडचण त्यांच्यापर्यंत पोचण्याची आहे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो, असं त्यात आढळलं. उरलेल्या सदतीस जणांना काय मिळतं? शपथा, अंगारे, शिव्या आणि तुमच्याकडे आहे तसली डबी.

ओपीडीत नेमकं काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी तासभर लागतो. डॉक्टर विचारतात, शेवटचा घोट कधी घेतला, पूर्वी फिट आली होती का, भास झाले होते का, झोपेच्या गोळ्या घेता का. बीपी, नाडी, हाताची थरथर बघतात, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या होतात. आधी फिट किंवा डिलिरियम झालेला असेल, कावीळ असेल, जीव देण्याची भाषा असेल किंवा घरी लक्ष द्यायला कुणीच नसेल, तर आम्हीच भरती व्हायला सांगतो. यातलं काही नसेल तर साधारण आठवडाभराची रजा काढायची. हातांची थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोड्या कमी करत सहसा पाच ते सात दिवसांत बंद करतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात, बहुतेकदा इंजेक्शनने. दारूने ते शरीरातून संपलेलं असतं, आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गोळ्यांची स्ट्रिप तुमच्याकडे राहील. रोज भेट किंवा निदान फोन. पेज, ताक, वरणभात, जे जाईल ते द्या. तिसऱ्या रात्रीपर्यंत झोप नीट लागणार नाही आणि चिडचिड होईल. तेव्हा मागच्या चार वर्षांचा हिशोब काढू नका. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर वाट न बघता १०८ला फोन करा.

हा आठवडा म्हणजे सुरुवात. पुढे महिनोन्‌महिने ओढ वाटते. ती कमी करणारी नॅलट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट पाहून डॉक्टर त्यातलं एखादं निवडतात. मग दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी येऊन बोलणं. त्यांची शिफ्ट कोणती, पगार कुठल्या तारखेला होतो, बसमधून उतरल्यावर घरी यायच्या रस्त्यावर कुठलं वाइन शॉप लागतं, या सगळ्यावर आम्ही बोलतो. आमच्या एका रुग्णाने स्टॉप बदलला. एक स्टॉप आधी उतरून तो शाळेच्या मैदानाला वळसा घालून घरी जायचा. बावीस मिनिटं जास्त चालायचा. तीन वर्षं तो तसाच चालला.

राहिलं "मी काय बेवडा आहे का?" या शब्दावरून वाद घालू नका. रविवारी सकाळी, डोकं ताळ्यावर असताना एवढंच म्हणा, "तुमचा हात थरथरतो, मला भीती वाटते. एकदा दाखवून येऊ या." नाहीच आले तर तुम्ही एकट्या या. घरच्या माणसाने आधी येऊन बोललेलं आम्हाला चालतं, आणि बायकोचं वागणं बदललं की पुष्कळदा नवराही मागून येतो. ससूनच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून दाखवता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६वर मराठीत, रात्रीसुद्धा बोलता येतं. मुक्तांगणात सहचरी म्हणून बायकांचा गट आहे, तिथे जाऊन बसा. तुमच्या पूर्ण पत्रात तुमच्या स्वतःबद्दल एक ओळ नाही. आणि ते हात उचलत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा आणि ११२ला फोन करा.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. तीन वर्षं ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, ओढत होता. दोनदा भरती केला, दोन्ही वेळा घरी आल्यावर महिन्याच्या आत परत सुरू. आता डॉक्टर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. पाच महिने झाले, गर्द नाही, कामावर जातो. पण माझे मेहुणे म्हणतात, ही एक नशा सोडवून दुसरी लावली. आता बंद करावी का?
— एक वडील, हडपसर

उत्तर : बंद करू नका, ही विनंती आहे.

मेंदूत जिथे गर्द जाऊन बसते तिथेच ही गोळी बसते, पण अर्धवट. तिच्यामुळे टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा अंगाचा त्रास, होत नाही, ओढ शमते, आणि एका मर्यादेपुढे तिचा परिणाम वाढत नाही. म्हणून तर मुलगा सकाळी उठून कामावर जाऊ शकतो. पहिली गोळी द्यायच्या आधी टर्की सुरू व्हायची वाट पाहायला लावली असेल ना? अंगात गर्द असताना ही दिली तर उलट टर्कीच उसळते, इतकं ते मोजूनमापून करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मेहुण्यांना विचारा, बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला ते व्यसनी म्हणतात का?

एका गोष्टीची मात्र मला खरी भीती वाटते. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची ती पचवायची ताकद जाते. ही गोळी सोडलेल्या पोराचा एखाद्या रात्री तोल गेला आणि त्याने जुन्याच मापाने ओढली, तर श्वास थांबू शकतो. भरतीतून घरी आल्यानंतरचे आठवडेही म्हणूनच धोक्याचे असतात. तुमचा मुलगा त्यातून दोनदा सुखरूप निघाला आहे. गोळी कधी आणि किती सावकाश कमी करायची ते डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील, वर्ष लागो की जास्त. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिच्याबरोबर अजिबात नकोत.

तुम्ही एक करू शकता. गोळी विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्याला बोलता येत नाही. आमच्याकडचे एक वडील रोज तेवढा वेळ मुलाशेजारी पेपर वाचत बसत. पाळत ठेवायला नाही, क्रिकेटचं पान मुलाच्या हातात देत.

प्रश्न : ७३ दिवस ड्राय होतो. चुलतभावाच्या हळदीला मुळशीकडे गेलो, दोन पेग झाले, मग तीन दिवस थांबलोच नाही. गुरुवारी फॉलोअप होता, गेलो नाही. गोळ्याही बंद आहेत. मॅडम माझ्या कार्डावर दिवस हिरव्या पेनाने लिहायच्या. आता कुठल्या तोंडाने जाऊ?
— एक वाचक, वारजे

उत्तर : आहे त्याच तोंडाने जा, वास येत असला तरी.

मी कामाला लागले त्या सुरुवातीच्या ओपीडीच्या दारावर पाटी होती : 'दारू पिऊन आलेल्यांना तपासले जाणार नाही.' एके दिवशी खाकी शर्टातले एक रिक्षावाले आले. महिनाभर बरे होते, त्या दिवशी पिऊन आले होते. मी काही बोलले नाही, फक्त पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी केस पेपरची चौघडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे मॅडम." ते परत आले चौदा महिन्यांनी. डोळे पिवळे, पोटात पाणी. त्या दिवशी ते पिऊनसुद्धा आमच्याकडे आले होते, वाइन शॉपवर थांबले नव्हते, एवढं मला दिसायला हवं होतं. तो दोष माझा आहे आणि तो मी विसरलेले नाही. पाटी पुढे निघाली. आता कुणी पिऊन आलं तर आम्ही त्याला बाकावर बसवतो, पाणी देतो, बीपी बघतो, घरी फोन करतो आणि दुसऱ्या दिवशीची वेळ देतो. त्या अवस्थेत लांबलचक बोलत नाही, एवढंच.

तुमचे ७३ दिवस कुठे गेलेले नाहीत. हळदीला किती वाजता पोचलात, जेवला होतात का, पहिला ग्लास कुणी हातात दिला, हे मॅडमना सांगा. पुढच्या लग्नाला नेमकं हेच उपयोगी पडेल. ओपीडीत फोन करून कुठली गोळी चालू होती ते सांगा आणि पुढचं विचारा. डायसल्फिरम असेल तर अंगात दारू असताना स्वतःहून सुरू करू नका. आज हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर आजच जा, गुरुवारची वाट पाहू नका. स्वतः गाडी चालवू नका, भावाला बरोबर घ्या. आणि ते कार्डही न्या.